उत्तर कशावर उभे आहे?

गणिताविषयी लोकांना पडणारे प्रश्न वरवर पाहता फार विखुरलेले दिसतात. ऋण गुणिले ऋण धन कसे होते? शून्याने भागायचे का नाही? एक ही मूळ संख्या का नाही? परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे पाय, २२/७ की ३.१४? वीस टक्के सुटीवर आणखी दहा टक्के सूट मिळाली, तर ती तीस टक्के का होत नाही? शेताच्या चारही बाजू मोजून आणल्या, आता क्षेत्रफळ किती? विचारणाऱ्यांत सातवीतला विद्यार्थी असतो, दुकानातले गिऱ्हाईक असते, बांधावर उभा असलेला शेतकरी असतो आणि कर्जाच्या हप्त्याचा हिशेब लावू पाहणारे कुटुंबही असते. प्रश्न इतके निरनिराळे असूनही बहुतेकांना मिळणारे उत्तर मात्र एकाच साच्याचे असते: नियम तसा आहे, सूत्र तसे आहे, पाठ करून टाका.

या उत्तराने प्रश्न मिटतो, पण सुटत नाही. गणितातले प्रत्येक विधान कशावर तरी उभे असते. काही विधाने संकेतावर उभी असतात. लोकांनी आपसात ठरवले म्हणून तसे. काही व्याख्येवर उभी असतात. एखाद्या संज्ञेचा अर्थ विशिष्ट तऱ्हेने बांधला गेला आणि तसा बांधण्याला सबळ कारण होते. काही सिद्धतेवर उभी असतात. आधीच्या चार गोष्टी मान्य केल्या की पाचवी मान्य करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. व्यवहारातली बरीचशी उत्तरे याहून वेगळ्या पायावर, जगाविषयीच्या एखाद्या गृहीतकावर उभी असतात. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देताना ते यांपैकी कशावर उभे आहे हे सांगितले नाही, तर आकडा बरोबर असूनही उत्तर अपुरे राहते. संकेत हा निसर्गनियमासारखा सांगितला जातो, सिद्ध होणारी गोष्ट रूढीसारखी सांगितली जाते, आणि ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कधीच कळत नाही.

संकेत

८ ÷ २(२ + २) या पदावलीची किंमत किती, यावर माणसे हिरिरीने भांडतात. काहींना १६ मिळतात, काहींना १. दोन्ही पक्षांना वाटते की समोरच्याला गणित येत नाही. प्रत्यक्षात इथे संख्यांविषयी कसलाच मतभेद नाही. कंसाला लागून लिहिलेला २ हा भागाकाराच्या आधी गुणायचा की डावीकडून उजवीकडे क्रमाने जायचे, एवढाच वाद आहे, आणि तो लेखनपद्धतीचा आहे. याचे योग्य उत्तर १६ हेही नाही आणि १ हेही नाही. लिहिणाऱ्याने आणखी एक कंस घालावा, म्हणजे वाद उरणार नाही, हे ते उत्तर आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांत क्रियांचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र पाठ करवले जाते: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. सूत्र उपयोगी आहे; पण त्यामागचा अर्थ सांगितला नाही, तर तेच चुकीला कारण होते. १२ − ५ + ३ सोडवताना मूल ‘बेरीज आधी’ म्हणून ५ आणि ३ मिळवते आणि १२ मधून ८ वजा करून ४ हे उत्तर काढते. बरोबर उत्तर १० आहे, कारण बेरीज आणि वजाबाकी यांचा दर्जा सारखा मानलेला आहे आणि वजाबाकीचे चिन्ह फक्त ५ ला लागू आहे. गुणाकार बेरजेच्या आधी का, यालाही सांगण्याजोगे कारण आहे. तीन डझन आणि वर दोन, चार पेट्या आणि सात सुटे, अशा गुणाकारांच्या बेरजा व्यवहारात आणि बीजगणितात सतत येतात. गुणाकाराला अग्रक्रम दिला की त्या कंसाविना लिहिता येतात. संकेत हा लोकांनी ठरवलेला असतो, पण तो मनमानी असतोच असे नाही. त्याची सोय दाखवून दिली की तो लक्षात ठेवणे सोपे जाते.

संख्यांची नावे हाही संकेतच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ अशी मांडणी आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागचे कारण स्पष्ट केले होते. मराठीत बोलताना एककाचा उच्चार आधी होतो, लिहिताना दशक आधी येते. त्यामुळे ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारे मूल प्रत्येक वर्गात सापडते. नावे बदलावीत की जुनीच ठेवावीत, यावर दोन मते असू शकतात. भाषेचा वारसा आणि शिकण्याची सोय या दोन्ही बाजू वजनदार आहेत. पण त्या मुलाची चूक कोणत्या जातीची आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. त्याला पाच दशके आणि तीन एकक हे पुरते समजलेले असू शकते. चुकला आहे तो संकेत. ‘तुला गणित येत नाही’ हा शेरा त्याच्यावर अन्याय करणारा आहे.

व्याख्या

एक ही मूळ संख्या का नाही? ‘मूळ संख्येला नेमके दोनच विभाजक असतात आणि एकला एकच आहे’, हे पुस्तकातले उत्तर बरोबर असले, तरी प्रश्न त्याने एक पाऊल मागे सरकतो. व्याख्या अशी का केली? ‘ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज विभाजक नाही ती मूळ’ असे म्हटले असते, तर एक आत आला असता. पूर्वी अनेक गणिती त्याला मूळ मानतही असत. अमेरिकी गणिती डेरिक नॉर्मन लेहमर यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ संख्यांच्या मोठ्या यादीत पहिली संख्या १ आहे.

एकला वगळण्याचे कारण उपयोगात सापडते. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३ असे एकाच तऱ्हेने पडतात. क्रम बदलला तरी अवयव तेच. हा गुणधर्म प्रत्येक संख्येला लागू आहे आणि अंकगणिताचा मोठा भाग त्यावर उभा आहे. एकला मूळ मानले, तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ असे अगणित प्रकार होतात आणि प्रत्येक प्रमेयात ‘एक सोडून’ अशी पुस्ती जोडावी लागते. हे सांगितले की विद्यार्थ्याला दोन गोष्टी कळतात: व्याख्या माणसे करतात, आणि चांगली व्याख्या पुढचे काम सोपे करते.

कोणत्याही धन संख्येचा शून्यावा घात १ का, याचेही उत्तर याच जातीचे आहे. ‘दोन ही संख्या शून्य वेळा गुणली’ या शब्दांना मुळात अर्थ नाही. तो द्यावा लागतो. दोनचा तिसरा घात ८, दुसरा ४, पहिला २. प्रत्येक पायरीला किंमत निम्मी होते, तेव्हा पुढची पायरी १. घातांक मिळवले की घातांचा गुणाकार होतो, हा नियम शून्यालाही लागू राहावा असे वाटत असेल, तर १ खेरीज दुसरी किंमत चालत नाही. अर्थ आपण दिला, पण देताना निवडीला जागा उरली नाही.

०.९९९… ही अखंड चालणारी दशांश संख्या बरोबर १ आहे, हे तर अनेकांना पटतच नाही. एक तृतीयांश म्हणजे ०.३३३…, त्याची तिप्पट ०.९९९… आणि एक तृतीयांशाची तिप्पट १, हा युक्तिवाद ऐकून माणूस गप्प होतो, पण त्याची शंका तशीच राहते. कारण त्याच्या मनात ०.९९९… ही एक चाललेली, कधीच न संपणारी क्रिया असते. इथे आधी व्याख्या सांगायला हवी. ०.९, ०.९९, ०.९९९ या संख्या ज्या एका संख्येच्या हव्या तितक्या जवळ जातात, त्या संख्येचे नाव ०.९९९… असे आहे. ते नाव मुक्कामाचे आहे, प्रवासाचे नाही. मग फरक तपासता येतो. १ आणि ०.९९९… यांच्यात फरक असेल, तर तो एक दशांशाहून लहान, एक शतांशाहून लहान, एक सहस्रांशाहूनही लहान हवा, आणि असेच पुढे. इतकी लहान धन वास्तव संख्या अस्तित्वात नाही. म्हणून फरक शून्य. व्याख्या आधी आणि युक्तिवाद नंतर, हा क्रम पाळला की पटण्याची शक्यता कितीतरी वाढते.

सिद्धता

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन आणि ऋण संख्यांचे नियम स्पष्टपणे दिले आहेत; दोन ऋणांचा गुणाकार धन होतो, हेही त्यात आहे. त्यानंतर बाराशे वर्षांनी फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल याने आपल्या आत्मचरित्रात शाळेतली याच नियमाची व्यथा लिहून ठेवली. ऋण गुणिले ऋण धन का, हे त्याला मनापासून समजून घ्यायचे होते. शिक्षक धडाच पुन्हा सांगत राहिले, आणि शेवटी त्यांचे म्हणणे एवढ्यावर आले की अशी रीत आहे, ऑयलर आणि लाग्रांज यांनीही ती मान्य केली आहे. मोठ्यांचे नाव पुढे करून त्याला गप्प केले गेले. हा प्रसंग महत्त्वाचा आहे, कारण सिद्ध करता येणारी गोष्ट रीत म्हणून सांगितली गेली, की मुलाच्या मनात गणिताविषयीच अविश्वास कसा निर्माण होतो हे त्यात दिसते.

सिद्धता चार ओळींची आहे. ४ आणि −४ यांची बेरीज शून्य. त्या बेरजेला −३ ने गुणले तर उत्तर शून्यच हवे. पण कंस सोडवून गुणले तर दोन पदे मिळतात: (−३) × ४ आणि (−३) × (−४). पहिले पद −१२, कारण तीन रुपयांचे कर्ज चार वेळा घेतले की बारा रुपयांचे कर्ज होते. दोन्ही मिळून शून्य व्हायचे असेल, तर दुसरे पद +१२ च असले पाहिजे. कंस सोडवून गुणण्याचा नियम ऋण संख्यांनाही लागू राहावा, एवढेच इथे मानले आहे. ते ज्याला मान्य, त्याला निष्कर्षही मान्य करावा लागतो.

व्यवहारातले उदाहरणही देता येते. खात्यातून दरमहा ३०० रुपये जात असतील, तर चार महिन्यांपूर्वी शिल्लक आजच्यापेक्षा १२०० रुपयांनी जास्त होती: (−३००) × (−४) = १२००. उदाहरणाने नियम जगाशी जुळतो हे दिसते. दुसरा नियम चालणारच नाही, हे सिद्धतेने कळते. दोन्ही द्यावीत, पण उदाहरणालाच सिद्धता म्हणू नये.

शून्याने भागण्याचा इतिहास अधिक बोधक आहे. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे म्हटले. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त शून्याने भागलेली संख्या तशीच राहते, असे लिहिले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ म्हटले आणि ती अनंत मानली. तिघेही असामान्य गणिती होते, आणि तिघांनी तीन वेगळी उत्तरे दिली. अडचण बुद्धीची नव्हती. भागाकाराची किंमत असलीच पाहिजे, असे धरून ते चालले होते.

भागाकार म्हणजे काय हे आधी ठरवले, की कोडे सुटते. ६ ÷ ३ म्हणजे ३ ला ज्या संख्येने गुणले असता ६ मिळतात ती संख्या. मग ६ ÷ ० म्हणजे शून्याला ज्या संख्येने गुणले असता ६ मिळतील ती संख्या. अशी संख्याच नाही. ० ÷ ० च्या बाबतीत उलट होते, कोणतीही संख्या चालते, त्यामुळे एक अशी कोणतीच ठरत नाही. अनंत हे उत्तर मानून पाहिले, तर शून्य गुणिले अनंत म्हणजे ६ ही हवेत आणि ७ ही हवेत, म्हणजे ६ आणि ७ समान मानावे लागतील. श्रीनिवास रामानुजन यांच्या शालेय दिवसांची एक आठवण चरित्रांतून सांगितली जाते: कोणत्याही संख्येला तिनेच भागले की एक येतो, असे शिक्षक म्हणाले, तेव्हा शून्याला शून्याने भागले तरी एकच येतो का, असे त्यांनी विचारले. असा प्रश्न वर्गात आला, की भागाकाराची व्याख्या नव्याने शिकवण्याची उत्तम संधी मिळते. ‘शून्याने भागायचे नाही’ हे वाक्य कुणीतरी घातलेल्या बंदीसारखे ऐकू येते. ‘शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही, किंवा सगळेच लागते’, हे मुलाला स्वतः तपासून पाहता येते.

सिद्धतेचा आणखी एक लाभ असा, की ती शेजारच्या प्रश्नांचीही उत्तरे देते. अंकांची बेरीज नऊने विभाज्य असली की संख्या नऊने विभाज्य असते, ही कसोटी पुष्कळांना पाठ असते. ७२५४ घेऊ. १००० म्हणजे ९९९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १० म्हणजे ९ + १. म्हणून ७२५४ ही संख्या ७ × ९९९, २ × ९९, ५ × ९ आणि ७ + २ + ५ + ४ यांची बेरीज आहे. पहिले तीन भाग नऊने जातातच. उरली ती अंकांची बेरीज १८, तीही जाते. हे एकदा समजले की तीनची कसोटी आपोआप मिळते, आणि १० म्हणजे ११ − १ हे सुचले की अकराचीही.

जवळचे मूल्य

पाय म्हणजे २२/७, असे शाळेत अनेक वर्षे लिहून घेतले जाते, आणि मग नववीत ती अपरिमेय संख्या आहे, म्हणजे तिला कोणत्याच अपूर्णांकाने नेमके दाखवता येत नाही, असे सांगितले जाते. विद्यार्थ्याला ही उघड विसंगती वाटते, आणि त्याचे वाटणे बरोबर आहे. एकच ‘बरोबर’चे चिन्ह दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरले गेले आहे.

जुन्या गणितींनी ही काळजी घेतली होती. आर्किमिडीजने पाय हे तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांश आणि तीन पूर्णांक एक सप्तमांश यांच्या दरम्यान आहे, असे दाखवले. त्यातली वरची मर्यादा म्हणजेच आपले २२/७. आर्यभटाने ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, म्हणजे ३.१४१६, आणि तो ‘आसन्न’ आहे असेही नमूद केले. पाय अपरिमेय आहे, हे अठराव्या शतकात योहान लॅम्बर्टने सिद्ध केले.

जवळचे मूल्य वापरण्यात काहीही गैर नाही, मात्र चूक किती हे सांगितले पाहिजे. सात मीटर व्यासाच्या विहिरीचा परीघ २२/७ वापरून २२ मीटर येतो. खरा परीघ त्याहून नऊ मिलिमीटरपेक्षाही कमी अंतराने लहान आहे. विहीर बांधणाऱ्याला एवढी अचूकता भरपूर झाली. ‘२२/७ घ्या, कारण या कामाला ते पुरते’, या एका वाक्याने व्यवहारही साधतो आणि सत्यही राहते.

व्यवहारातले प्रश्न

व्यवहारात चूक बहुधा आकडेमोडीत होत नाही. आकडा कशाचा, हे विसरल्याने होते. हजाराच्या वस्तूवर वीस टक्के सूट मिळून ८०० झाले. पुढची दहा टक्के सूट ८०० वर आहे, म्हणून ७२० होतात, आणि एकूण सूट अठ्ठावीस टक्के. भाव पंचवीस टक्क्यांनी वाढला तर तो मूळ पदावर यायला वीस टक्क्यांची घट पुरते, कारण घट वाढलेल्या भावावर मोजली जाते. बिलाची रक्कम १८ टक्के जीएसटीसह ११८ रुपये असेल, तर कर १८ रुपये आहे. ११८ चे १८ टक्के काढणारा २१.२४ रुपयांवर पोचतो आणि चुकतो. या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर पुरते: टक्का हा नेहमी कशाचा तरी असतो, आधी तो ‘कशाचा’ शोधावा.

कर्जाचा हिशेब याच कारणाने फसवा ठरतो. १,२०,००० रुपये वर्षभरासाठी बारा टक्के सरळ दराने घेतले आणि दरमहा समान हप्त्याने फेडले, तर व्याज १४,४०० रुपये आणि हप्ता ११,२०० रुपये होतो. ऐकताना दर बारा टक्के वाटतो. पण पूर्ण रक्कम कर्जदाराकडे फक्त पहिला महिना असते. पुढे दर महिन्याला ती कमी होत जाते, तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर आकारलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला, तर वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. ही समज नसेल, तर कुटुंबाचे पैसे नाहक जातात. अशा प्रश्नाला ‘सूत्र पाठ करा’ हे उत्तर देणे म्हणजे विचारणाऱ्याला वाऱ्यावर सोडणे आहे.

सरासरीचेही तसेच. १२० किलोमीटर अंतर ताशी ४० च्या वेगाने जाऊन ताशी ६० च्या वेगाने परतले, तर सरासरी वेग ५० येत नाही. जायला तीन तास, यायला दोन. २४० किलोमीटरना पाच तास, म्हणजे ताशी ४८. कमी वेगात जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकली.

संभाव्यतेच्या प्रश्नांत गृहीतक अधिकच लपलेले असते. एखादा आजार शंभरात एकाला आहे, चाचणी आजाऱ्यांपैकी ९० टक्क्यांना ओळखते आणि निरोग्यांपैकी ५ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते, असे धरू. चाचणीत दोष निघालेला माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता बहुतेकांना नव्वद टक्के वाटते. दहा हजार माणसे घेतली तर शंभर आजारी, त्यांतले ९० सापडतील. ९,९०० निरोगी, त्यांतले ४९५ चुकून सापडतील. एकूण ५८५ पैकी ९०, म्हणजे शेकडा सुमारे पंधरा. टक्क्यांऐवजी माणसे मोजली की गोंधळ निवळतो. मात्र हे उत्तर सरसकट सगळ्यांची चाचणी केली, या गृहीतकावर उभे आहे. लक्षणे असलेल्यांचीच चाचणी केली असेल, तर उत्तर बदलते, आणि तेही सांगायला हवे.

अपुरा प्रश्न

काही प्रश्नांचे उत्तर देणे हीच चूक असते. शेताच्या चार बाजू मोजून क्षेत्रफळ विचारले जाते, आणि समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन सरासऱ्यांचा गुणाकार करण्याची ढोबळ पद्धत सुचवली जाते. ती फक्त आयतालाच बरोबर लागू पडते. इतर प्रत्येक चौकोनात खऱ्या क्षेत्रफळाहून जास्त आकडा देते. चारही बाजू ३३ फूट असलेला चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. तोच चौकोन कोपऱ्यातून दाबला तर बाजू ३३ फूटच राहतात, पण क्षेत्रफळ अर्ध्या गुंठ्यावर, पाव गुंठ्यावर, त्याहूनही खाली येऊ शकते. ढोबळ पद्धत मात्र दरवेळी एक गुंठाच सांगते. जमिनीच्या खरेदीत हा फरक लाखोंचा ठरतो.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त नेमके यावर बोट ठेवले आहे. एखादा कर्ण किंवा लंब न देता केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे ठराविक क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि अशा प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला त्याहून वाईट. शब्द कठोर आहेत, पण जबाबदारीची वाटणी अचूक आहे. विचारणारा नकळत चुकतो. उत्तर देणाऱ्याला माहिती अपुरी आहे हे कळायला हवे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्या परंपरेचा हा धडा आजही तितकाच लागू आहे: ‘एक कर्ण मोजून आणा, मग दोन त्रिकोणांचे क्षेत्रफळ काढून सांगता येईल’, हेच त्या शेतकऱ्याला द्यायचे पूर्ण उत्तर आहे.

आक्षेप

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की वर्गात वेळ नसतो. तो खरा आहे, पण वेगळ्या अर्थाने. कारण न कळता पाठ केलेले नियम एकमेकांत मिसळतात. ‘ऋण ऋण धन’ गुणाकारात शिकलेला विद्यार्थी बेरजेतही तेच लावून −३ आणि −४ यांची बेरीज ७ लिहितो, आणि मग ती चूक काढण्यात वर्षे जातात.

दुसरा आक्षेप असा, की पाठांतराला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पाढेच काय, पावकी, निमकी, दिडकी, औटकीही पाठ असणारी माणसे झपाट्याने हिशेब करत. हेही खरे आहे, आणि इथे त्याला विरोध नाही. सात आठे छप्पन्न हे तत्काळ आठवले तर डोके पुढच्या विचाराला मोकळे राहते. पण छप्पन्न हे आठ वेळा सात मिळवून केव्हाही पडताळता येतात. पाठांतराने वेग येतो. पडताळण्याची वाट मात्र उघडी असली पाहिजे.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: लहान मुलाला खरे कारण समजणार नाही. अशा वेळी कारण पुढे ढकलायला हरकत नाही, मात्र खोटे सांगू नये. ‘लहान संख्येतून मोठी वजा होत नाही’, ‘गुणले की संख्या वाढते’ ही वाक्ये दुसरीत सोयीची असतात आणि ऋण संख्या व अपूर्णांक येताच खोटी ठरतात. ‘आपण आत्ता शिकलेल्या संख्यांत होत नाही’, एवढे चार शब्द वाढवले तर वाक्य सोपेही राहते आणि पुढे ते मागे घ्यावे लागत नाही.

‘अजून माहीत नाही’

गणितातले सगळे प्रश्न कधीच सुटले आहेत, असा समज सार्वत्रिक आहे. दोनहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का, हा प्रश्न गोल्डबाखने १७४२ मध्ये ऑयलरला पत्रातून विचारला. संगणकांनी चारावर अठरा शून्ये एवढ्या संख्येपर्यंत तो तपासला, एकही अपवाद सापडला नाही. तरी सिद्धता अजून नाही. असा प्रश्न सहावीतल्या मुलालाही समजतो, आणि ‘हे कुणालाच माहीत नाही’ हे त्याचे खरे उत्तर आहे. कितीही उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे, हे शिकवायला याहून चांगला धडा नाही.

कुतूहलाला विद्यापीठातले पद लागत नाही, हे देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दाखवून दिले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला बाजारातला काही नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. ‘असे का?’ याला मात्र उत्तर देता येते. वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून असते: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून मिळवले की झाले. अशा जोड्या फक्त ५४ आहेत. दहा हजार संख्या तपासण्याचे काम त्यामुळे चोपन्न प्रकारांवर येते, आणि वही-पेन्सिल घेतलेला विद्यार्थी ते स्वतः पुरे करू शकतो.

चांगल्या उत्तराची कसोटी

वरील सर्व प्रकारांतून चांगल्या उत्तराची एकच कसोटी निघते: उत्तर ऐकल्यावर विचारणाऱ्याला त्याच्या शेजारचा प्रश्न स्वतः सोडवता आला पाहिजे. नऊची कसोटी समजली असेल तर त्याला अकराची शोधता यावी, सुटीवरची सूट समजली असेल तर करासह आलेले बिल उलगडता यावे, शून्याने भागणे समजले असेल तर अनंताचे उत्तर का चालत नाही हे दाखवता यावे. उत्तर संकेतावर उभे असेल तर तो कुणी आणि कोणत्या सोयीसाठी ठरवला हे सांगावे. व्याख्येवर असेल तर ती तशी का केली हे सांगावे. सिद्धतेवर असेल तर सिद्धता द्यावी. गृहीतकावर असेल तर ते उघड मांडावे. माहिती अपुरी असेल तर काय हवे ते मागावे, आणि उत्तर अजून कुणालाच माहीत नसेल तर तसे म्हणावे.

याला शिस्त लागते, पण मोठी विद्वत्ता लागत नाही. गणितात विद्यार्थी आणि ऑयलर यांच्या युक्तिवादाला एकच माप लागते, आणि ते माप दोघांच्याही हाती असते. अधिकाराच्या जोरावर दिलेले उत्तर हे माप विचारणाऱ्याच्या हातून काढून घेते. कारणासह दिलेले उत्तर ते त्याच्या हाती ठेवते, आणि मग पुढच्या वेळी कुणी चुकीचा आकडा सांगितला, मग तो सावकार असो, दुकानदार असो की स्वतः शिक्षक असो, तर तो त्याला पकडता येतो.